रंग न आलेली काच

उमरी, जि. नांदेड
२० नोव्हेंबर २०२३

चि. शिवानीस,

मलप्पाचे आशीर्वाद. तुझ्या आईला शरणार्थ सांग.

बारा वर्षांनी माझं पत्र बघून तू दचकशील. फोन का केला नाही, असंही म्हणशील. घरात फोन आहे, पण मला कमी ऐकू येतं म्हणून सूनबाई तो मोठ्या आवाजात लावते, आणि मग शेजारच्या ओट्यावर बसलेल्या बायांनाही सगळं कळतं. ही गोष्ट तशी कळायची नाही. तू उत्तर घरी पाठवू नकोस. इथल्या पोस्टमास्तरांना मी सांगून ठेवलंय, ते माझं पत्र पोस्टातच ठेवतील. मी दोन दिवसाआड जाऊन विचारीन.

आमच्या संगमेशच्या आतड्यातली गाठ दसऱ्याआधी तिकडं लातूरला काढली, हे तुला माहीत असणारच, कारण गाठीचा तुकडा तू काम करतेस त्याच लॅबमध्ये आला होता. ऑपरेशन चांगलं झालं. आता तो भाकरी खातो, अंगणात फिरतो. पण दिवाळीच्या तोंडावर आणखी एक कागद आला. मी तो इथल्या मेडिकलवाल्याकडून दोनदा वाचून घेतला. चार नावं आहेत, सगळी इंग्रजी अक्षरं आणि आकडे. दोन नावांपुढे 'आहे' आणि दोन नावांपुढे 'दिसले नाही'. डॉक्टर म्हणाले, हे घराण्यातून आलेलं असू शकतं. सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावं. धाकटी बहीण आहे ना, तिला घेऊन या.

आता तू मला सांग. 'दिसले नाही' म्हणजे काय? मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण जनावरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं काढली. लस, औषधं, बाटल्या हाताळल्या. रंग आला नाही, तर मला आधी रंगाच्या औषधाचा शक येतो. आणि कागदाच्या कोपऱ्यात, काम कुणी केलं ते लिहायच्या जागी, तुझं नाव आहे. ते बघून मी जरा थांबलो.

आमच्या धाकट्या सिंधुचं लग्न चैत्रात आहे. मुलगा उदगीरचा, उमाशंकर. घर चांगलं आहे, पण माणसं लई बारीक नजरेची आहेत. पोरीच्या रक्तात दोष आहे असा नुसता वास लागला तरी ते मागं फिरतील. सिंधुला मी काही सांगितलेलं नाही. तूही कुणाला सांगू नकोस.

मलप्पा

*

लातूर
२८ नोव्हेंबर २०२३

ती. मामा,

शरणार्थ. आईनं पाकिटावरूनच तुमचं अक्षर ओळखलं.

तुम्ही कागद पुढे ठेवून विचारलंत म्हणून समजावून सांगते. पेशी वाढताना स्वतःची नक्कल करते. कमळम्मा आत्या सांगायच्या, तुम्ही जनावरांच्या नोंदी एका वहीतून दुसरीत उतरवायचात आणि डॉक्टरसाहेब मागून वाचून चुका दुरुस्त करायचे. पेशीतही असे मागून वाचणारे असतात. ती प्रथिनं. कागदावरची चार नावं त्यांचीच. त्यातली दोन जोडीनं काम करतात, आणि ती जोडी संगमेशच्या गाठीत नाही. वाचणारं कुणी नाही, म्हणून चुका साठत गेल्या आणि गाठ झाली.

प्रथिन डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून अँटिबॉडी वापरतात. ती ठरलेल्या एकाच प्रथिनाला जाऊन चिकटते. गाठ मेणाच्या ठोकळ्यात बसवून तिचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर घेतो, त्यावर अँटिबॉडीचे थेंब सोडतो आणि मग रंगाचं औषध. प्रथिन असेल तिथं तपकिरी ठिपके उठतात, नसेल तिथं उठत नाहीत.

औषध खराब असेल ही तुमची शंका योग्य आहे. आम्हालाही आधी तीच येते. म्हणून आम्ही त्याच काचेवर गाठीशेजारच्या चांगल्या पेशी बघतो. औषध मेलेलं असतं तर त्यांनाही रंग आला नसता. त्यांना तो स्वच्छ आला आहे. निदान आमच्या डॉक्टर मॅडम करतात, सहीही त्यांचीच असते. माझं काम काच तयार करण्याचं.

सिंधुमध्ये हा दोष असेलच असं नाही. अर्धी शक्यता आहे. पण असला तर वेळेवर कळायला हवं. आतड्यात नळीची दुर्बीण घालून तपासलं, तर गाठ होण्याआधीच तिचा कोंब, म्हणजे मोड, काढता येतो.

एक विचारायचं आहे. आत्या नेमक्या कशानं गेल्या? आम्हाला तेव्हा 'पोटाचं' एवढंच सांगितलं होतं.

शिवानी

*

उमरी
९ डिसेंबर २०२३

चि. शिवानीस,

पत्र पोचलं. वाचून मन शांत व्हायच्या ऐवजी जास्तच बेजार झालं.

कमळम्मा कशानं गेली हे तुला आज का पाहिजे? पंधरा वर्षं झाली. गर्भाशयाचं होतं, बायकांचं दुखणं, म्हणून चारचौघांत 'पोटाचं' म्हणालो. त्यात लपवायचं काय? पण तू विचारलंस तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तू हा दोष कमळम्माकडून आला असं ठरवून बसली आहेस. माझी बायको असली तरी कमळम्मा तुझ्या बापाची सख्खी बहीण. मग तुझ्या बापाचं काय, रेवणप्पाचं? ते तू पत्रात का लिहिलं नाहीस?

उघड बोलतो. तू आमच्या संगमेशच्या मामाची मुलगी. आपल्यात ती सोयरीक न मागता ठरल्यासारखीच असते. कमळम्मानं भावाला शब्द दिला होता, आणि ती गेल्यावर मी तो मोडला. तुझा बाप त्यानंतर माझ्या दारात आला नाही. तू आजपर्यंत लग्न केलं नाहीस. माणसाच्या मनात काय राहतं ते माणूसच जाणे. माझ्या पोराची गाठ तुझ्या टेबलावर आली आणि नेमका तिथंच रंग आला नाही. मी काही म्हणत नाही. फक्त सांगतो की मला झोप लागत नाही.

एकाच बाटलीतले थेंब, एकच काच, आणि शेजारी रंग येतो, गाठीला येत नाही. हे मला पटत नाही. दुसऱ्यांदा करून बघा.

आणखी एक. उदगीरहून आठ दिवस फोन नाही. आधी एक दिवस जात नव्हता. तुमच्या लातुरात त्यांचं येणंजाणं असतं. कुणाजवळ काही बोलली असशील तर आत्ताच सांग.

मलप्पा

*

लातूर
१६ डिसेंबर २०२३

ती. मामा,

शरणार्थ.

कुणाजवळ काही बोलले नाही. रुग्णाचा कागद घरच्यांपुढेही आम्ही आपणहून उघडत नाही. तसं नसतं तर मी सिंधुलाच फोन केला असता, तुम्हाला पत्रं लिहीत बसले नसते.

सोयरीक मोडली त्या दिवशी मी वीस वर्षांची होते आणि मला लॅबचा कोर्स करायचा होता. तुमचा निरोप आला तेव्हा आप्पा न जेवता उठले. मी माझं जेवून त्यांच्या ताटातली शेंगाची पोळीही खाल्ली. आईला विचारा. लग्न केलं नाही ते मला पटेल असा कुणी भेटला नाही म्हणून. त्याचं श्रेय तुम्ही घेऊ नका.

माझे आप्पा २०१३ साली गेले, आतड्याच्या कॅन्सरनं. वय एक्कावन्न. तुम्ही मातीला आला होतात, लांब उभे होतात. मी ते लिहिलं नाही, कारण प्रश्न सिंधुचा होता. आत्यांचं गर्भाशयाचं दुखणंही याच दोषातलं असू शकतं.

पटत नसेल तर या आणि स्वतः सूक्ष्मदर्शकातून बघा. मी मॅडमची परवानगी घेतली आहे. येताना सिंधुला आणा.

शिवानी

*

उमरी
२६ डिसेंबर २०२३

चि. शिवानीस,

शुक्रवारी तिकडून निघालो तो नांदेडला गाडी बदलून पोचेपर्यंत अंधार पडला. घरी सांगितलं, जुन्या साहेबांकडं गेलो होतो. सिंधुला का आणलं नाही ते तू दोनदा विचारलंस. आधी मला बघायचं होतं.

बघितलं. पहिल्यांदा डोळा लावला तर माझ्याच पापण्या दिसल्या. मग तू चाक फिरवलंस आणि दिसलं. एकीकडं मोहरी सांडल्यासारखे तपकिरी ठिपके. मध्ये गाठीचा भाग, तिथं नुसतं फिकट निळं. तू म्हणालीस, ह्या चांगल्या पेशी आणि ही गाठ. मी मान हलवली. दिसलं ते दिसलं, मी खोटं बोलणार नाही. तुझ्या मॅडमनी चहा दिला, खुर्ची दिली. माणसं चांगली आहेत.

पण तू कपबशा ठेवायला आत गेलीस तेव्हा मी फ्रिजजवळ गेलो. त्या अँटिबॉडीच्या बाटल्या ज्यात ठेवता तो. दारावर तापमानाचा कागद चिकटवलेला होता. रोज सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा, पुढं सही. मला इंग्रजी येत नाही, तुझी ती प्रथिनंही कळत नाहीत. पण हा कागद मला वाचता येतो. उभा जन्म मी तोच वाचला.

त्या दिवशी शुक्रवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. कागदावर शुक्रवारची संध्याकाळ भरलेली होती. शनिवार भरलेला होता. रविवार भरलेला होता, आणि रविवारी तुमची लॅब बंद असते. सगळीकडं चार. वरच्या सगळ्या ओळीत चार, चार, चार. एका पेनानं, एका बैठकीत.

मी तिथं काही बोललो नाही. बसमध्ये बसून मात्र ते आकडे पुन्हा पुन्हा मोजले. ज्या घरात थंडीचा आकडा बसल्या जागी लिहितात, तिथला 'दिसले नाही' मी का मानू? आणि त्यावर माझ्या पोरीचं लग्न पणाला का लावू? सिंधुला मी आणणार नाही. खुलासा पाठव, नाहीतर मी तुझ्या मॅडमना लिहीन.

मलप्पा

*

लातूर
६ जानेवारी २०२४

ती. मामा,

मॅडमना लिहायची गरज नाही. तुमचं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं.

तो कागद मी भरला होता. शनिवारी आमचा अर्धा दिवस असतो, घाई असते, आणि फ्रिजमध्ये आजवर चारच असायचं. म्हणून शुक्रवारीच भरून टाकते. वर्षभर तसं करते आहे. खरं ते हेच. मॅडम माझ्यावर ओरडल्या नाहीत. कागद काढून फाइलला लावला, पुढं लाल शाईनं लिहिलं आणि म्हणाल्या, आता आकडे नाहीत असं धरून चाला.

त्या दोन प्रथिनांच्या बाटल्या बाजूला ठेवल्या आहेत. नव्या मागवल्या. त्या हैदराबादहून बर्फात येतील. संगमेशच्या ठोकळ्याचे नवे काप घेऊन जुन्या आणि नव्या दोन्ही बाटल्यांनी एकाच दिवशी रंगवू. बरोबर एक माहितीतला निरोगी तुकडाही ठेवू. तीनेक आठवडे लागतील. मला विचाराल तर उत्तर बदलणार नाही, कारण चांगल्या पेशींचा रंग तुम्ही स्वतः पाहिलात. पण माझ्या मताला आता तुम्ही किती किंमत द्यावी हे मी सांगू शकत नाही.

एक विचारते. या वर्षभरात तपासणीला मोठमोठी माणसं येऊन गेली. तो कागद कुणाच्याही नजरेला आला नाही. तुम्हाला तो चहाच्या वेळेत कसा कळला?

शिवानी

*

उमरी
१५ जानेवारी २०२४

चि. शिवानीस,

तू कबूल केलंस ते बरं केलंस. माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी संगमेशला सांगितलं की लातूरचा तो कागद कच्चा आहे, फिरून करतायत. तो उठून अंगणात गेला. पोरगं आजारपणानं अबोल झालंय.

मला कसं कळलं ते विचारू नकोस.

आता तीन आठवडे थांबू. तिकडं उदगीरहून संक्रांतीला तिळगूळ आला, पण उमाशंकरची आई आली नाही, नुसता गडी पाठवला. यात काही आहे का? मी सिंधुला विचारलं, तर म्हणे आप्पा तुम्ही लई विचार करताव. ती जरा सुकली आहे. जिना चढली की धाप लागते. इथल्या डॉक्टरनी रक्त तपासलं, आठ निघालं, लोहाच्या गोळ्या दिल्या. म्हणाले, बायकांत असतंच. लग्नाची फिकीर, दुसरं काय. चैत्रापर्यंत भरेल.

नव्या बाटल्या आल्या की त्या हातात घेऊन बघ. बर्फ शिल्लक आहे का, ते आधी बघ.

मलप्पा

*

लातूर
३ फेब्रुवारी २०२४

ती. मामा,

बाटल्या आल्या तेव्हा बर्फ शिल्लक होता. मॅडमनी स्वतः उघडून पाहिलं. गुरुवारी सगळ्या काचा एकत्र रंगवल्या. निरोगी तुकड्याला दोन्ही बाटल्यांनी रंग आला. संगमेशच्या चांगल्या पेशींना दोन्हींनी आला. गाठीला जुन्या बाटलीनं आला नाही, आणि नव्यानंही आला नाही. मी वाईट वागले होते, पण बाटली चांगली होती. कागद खरा आहे.

आता सिंधुचं. तुम्ही ते चार ओळींत लिहिलंत आणि पुढं गेलात. ते पत्र टपालात अडकून काल पोचलं, आणि वाचून मी पोस्टात जाईपर्यंत थांबले नाही, तुमच्या घरी फोन केला. सूनबाईंनी तुम्हाला बोलावलं. तुम्ही 'पत्रात लिही' म्हणून फोन ठेवलात. लिहिते. रक्त आठ, धाप, वय एकोणतीस, आणि भाऊ असा. आतड्याच्या उजव्या बाजूला काही असलं तर बाहेर काही दिसत नाही. रक्त आतल्या आत थेंब थेंब जातं आणि माणूस फक्त सुकतं. लोहाच्या गोळ्यांनी ते भरून निघणार नाही. मामा, तिला उद्याच आणा.

तुम्हाला वाटलं होतं, मी रागापोटी काच रिकामी ठेवली. ऑक्टोबरात मी ती काच पहिल्यांदा पाहिली तेव्हा स्टुलावर बसून राहिले. संगमेशची आई आणि माझे आप्पा एकाच आईची. आत्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेल्या, आप्पा एक्कावन्नाव्या. मी डिसेंबरात दुर्बिणीनं तपासून घेतलं. सध्या काही नाही. याच दोषाच्या तपासणीला रक्तही दिलं आहे, त्याचा कागद अजून यायचा आहे. रोज टपाल आलं की आईच्या आधी मी दाराशी जाते. सूड घ्यायचा असता तर मी स्वतःचं रक्त कशाला दिलं असतं?

शिवानी

*

उमरी
१२ फेब्रुवारी २०२४

चि. शिवानीस,

तू विचारलं होतंस, कसं कळलं. आता सांगतो. सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही.

२००४ साल. गावाचं नाव लिहीत नाही. पावसाळ्याआधी म्हशींना घटसर्पाची लस टोचायची होती. दवाखान्याचा फ्रिज माझ्या ताब्यात. तीन दिवस लाइट नव्हती. मी मात्र कागदावर आठवड्याचे आकडे सोमवारीच भरून मोकळा झालो होतो. चार, चार, चार. चौथ्या दिवशी सकाळी बर्फ आणला, बाटल्या थर्मासात घातल्या आणि साहेबांबरोबर निघालो. भुजंग म्हणून एक गवळी होता. त्याच्या पाच म्हशींना टोचली. महिन्याभरात साथ आली आणि तीन म्हशी मेल्या. गळा सुजून, जीभ बाहेर काढून. भुजंग गोठ्याच्या दारात उभा राहून मला म्हणाला, “मलप्पा, लस गार होती नव्हं?”

मी म्हणालो, “हाव. बरफात होती.”

ते खोटं नव्हतं. त्या सकाळी ती बर्फातच होती. साहेबांनी कागद बघितला, सगळीकडं चार. मग दोष भुजंगावर आला, तूच जनावरं उशिरा दाखवलीस म्हणून. त्यानं माझा शब्द मानला होता. तेव्हापासून मी कुणाचा शब्द मानत नाही. खोटं किती सहज निघतं ते मला माहीत झालं होतं. डॉक्टर काही बोलला की मला वाटतं, यानंही सोमवारीच भरून ठेवलं असेल. तुझ्या फ्रिजवर मी तुझा कागद वाचलाच नाही. माझाच वाचला.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी सिंधुला बोलावलं. तुळशीपाशी बसवलं, आणि तीन महिने दडवलेला कागद तिच्यापुढं ठेवला. तिनं तो उघडलाही नाही. म्हणाली, “आप्पा, ह्याचा फोटो मला दादानं दिवाळीतच पाठवलाय.”

डिसेंबरात तिनं उमाशंकरलाही सांगितलं होतं. लपवून त्या घरात जायचं न्हाई, म्हणाली. म्हणून उदगीर गप्प होतं. आणि मी तुझ्यावर घेतलं. त्याची आई लग्न मोड म्हणते, तो आधी तपासा म्हणतो.

मी विचारलं, मग तू गेली का नाहीस तपासायला? ती म्हणाली, “तुमच्या मागं जाऊन आले असते तर तो कागदबी तुम्ही खोटाच म्हणला असताव. तुम्ही कधी नेताव ते बघत होते.”

माझ्यासाठी थांबली होती. बसल्या जागी धापा टाकत थांबली होती.

आम्ही गुरुवारी पहिल्या गाडीनं निघतो. तुमच्याकडं उतरू का? तुझ्या आईला विचारून घरी फोन कर. नाही म्हणाली तरी राग नाही.

मलप्पा

*

लातूर
२८ फेब्रुवारी २०२४

ती. मामा,

परवा फोनवर डॉक्टरांचं सगळं ऐकून तुम्ही फक्त 'बरं' म्हणालात. म्हणून लिहिते, म्हणजे पुन्हा वाचता येईल.

दुर्बिणीत दोन वाढी दिसल्या. लहान होती ती तिथल्या तिथं काढली. दुसरी मोठी आहे, संगमेशची होती त्याच बाजूला. तिचा तुकडा आमच्याकडं आला. मॅडम म्हणाल्या, हा दुसरं कुणी करेल. मी म्हणाले, मीच करते. त्याच दोन प्रथिनांचा रंग आला नाही. आणि त्या वाढीत कॅन्सर सुरू झाला आहे. किती खोल ते ऑपरेशननंतर कळेल. चार मार्चला आहे.

तुम्ही विचाराल की नोव्हेंबरात आणली असती तर. मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही. एवढं मात्र मला माहीत आहे की जानेवारीत मी बाटल्यांची वाट बघत बसले ते माझ्या लाजेपोटी. काच बरोबर आहे हे मला कळत होतं. मी तेव्हा गाडी करून उमरीला यायला हवं होतं. ते तीन आठवडे तुमच्या एकट्याच्या नावावर नाहीत.

सिंधु इथंच आहे. आईशी तिचं जमलंय. दोघी मिळून मला स्वयंपाक येत नाही यावर हसतात. तुम्ही दोन तारखेला या. घर तुमचं आहे, हे आईनं लिहायला सांगितलं.

शिवानी

*

उमरी
१८ मार्च २०२४

चि. शिवानीस,

काल सिंधुला घरी आणलं. गाडीत झोपूनच होती, अहमदपूरला उठून पेरू मागितला. डॉक्टरनी खाऊ नको म्हटलंय, तर माझ्यावर रुसली. रुसली ते बघून बरं वाटलं.

उमाशंकर दवाखान्यात तीन दिवस बाकावर बसून होता. आई आली नाही. लग्न चैत्रात होणार नाही हे नक्की. पुढं होईल का, ते त्यालाही माहीत नसावं. दर रविवारी येतो म्हणालाय. मी अजून खात्री धरलेली नाही.

आता माझं एक काम कर. डॉक्टर म्हणाले, वाढीच्या आसपासच्या, सगळ्यांच्याच अंगात असतात तशा अठरा बारीक गाठी काढून तपासल्या, अठराही स्वच्छ आहेत, पसरलेलं नाही. कागदावर तसं आहे. सूनबाईनं वाचलं, संगमेशनं वाचलं, मेडिकलवाल्यानं वाचलं. माझं मन पुन्हा तेच करतंय. शक आहे, नाही कसं म्हणू? या वयात जाणार नाही तो. त्या काचा तुमच्याच लॅबमध्ये आहेत. तू मॅडमना विचारून स्वतः डोळा लाव आणि मला लिही. तू लिहिशील ते मी मानीन. दुसऱ्यांदा विचारणार नाही.

मलप्पा

*

लातूर
२३ मार्च २०२४

ती. मामा,

मॅडमच्या शेजारी बसून एकेक काच पाहिली. अठरा आहेत. एकीतही काही नाही.

माझ्या रक्ताचा कागद मंगळवारी आला. दोष माझ्यातही आहे. आजार नाही, फक्त तो होण्याची वाट उघडी आहे. आता दर वर्षी दुर्बीण. पुढची डिसेंबरात. आईला सांगितलं. ती म्हणाली, उद्या ओल्या हरभऱ्याची, सोलाण्याची भाजी करू.

शिवानी

*

उमरी
२९ मार्च २०२४

चि. शिवानीस,

तुझं पत्र मी सिंधुला मोठ्यानं वाचून दाखवलं. अठरा म्हणालीस, अठरा. विषय संपला.

दुसऱ्या परिच्छेदाशी थांबलो. तिनं कागद हातातून घेऊन स्वतः वाचला. डिसेंबरची तारीख ठरली की कळव. दवाखान्यात बाहेर बसायला घरचं माणूस लागतं. तुझी आई थकली आहे. मी आदल्या दिवशी येईन.

आता आणखी एक गोष्ट. कमळम्माची आणि तुझ्या बापाची एक धाकटी बहीण बिदरकडं दिली होती, तुला आठवत नसेल. ती चाळिशीतच गेली. कशानं ते आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तिला चार लेकरं आहेत. सगळी तिशीच्या आसपासची, दोघांची लग्नं व्हायची आहेत. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. संगमेश म्हणतो फोन करू. फोनवर हे कोण ऐकून घेईल? म्हणून मी उद्या सकाळी निघतोय. संगमेशचा कागद, सिंधुचा कागद बरोबर घेतलाय. तुझा मागितला नाही, पण तू म्हणशील तर तुझं नाव सांगेन.

इतक्या वर्षांनी दारात उभा राहिलेला म्हातारा रक्तात दोष आहे म्हणतो, हे ऐकून ते काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. याला कुणी पाठवलं, याचा यात काय फायदा, आमच्या पोरींची लग्नं मोडायला आलाय का. पहिल्या दिवशी ते पाणीसुद्धा विचारणार नाहीत. मी तरी कुठं विचारलं असतं? म्हणून पिशवीत चार दिवसांचे कपडे घेतलेत.

मलप्पा